रवंथ केलं, पचलं नाही, पण जिरलं

प्रश्न असा आहे : ‘मॅड काऊ’ या गुरांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगावरच्या लेखाचं भाषांतर करताना मी लिहिलं, ‘गुरांच्या रवंथातही प्रायॉन नष्ट होत नाही.’ संपादकांनी ‘रवंथ’ खोडून ‘पचन’ केलं. दोन्ही एकच ना?

नाही. संपादकांचं बरोबर आहे.

दुपारी गोठ्यात बसलेली गाय बघा. गळ्यातून एक गोळा वर सरकतो, खालचा जबडा आडवा फिरत राहतो, घोट उतरतो, आणि क्षणभराने दुसरा गोळा. एवढंच रवंथ. संस्कृत ‘रोमन्थ’वरून आलेला शब्द, ग्रामचं गाव आणि नामचं नाव झालं तसाच इथेही ‘म’चा ‘व’ झाला. म्हणजे हे नुसतं दळण. चारा मोडतात ते कोठीपोटातले (गायीच्या चार पोटांतलं पहिलं आणि सगळ्यात मोठं) सूक्ष्मजीव, आणि पुढचं काम चौथ्या पोटातलं आम्ल आणि पाचकरस करतात.

प्रायॉन म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रथिन, ‘मॅड काऊ’ त्यानेच होतो. ती घडी इतकी घट्ट की पाचकरसांना सहज उकलत नाही. प्रयोगशाळेत स्क्रेपीचं (हा मेंढ्यांमधला भाऊबंद रोग) प्रायॉन कोठीपोटातल्या द्रवात ठेवलं, तेव्हा ते बरंचसं मोडलं, चाचणीत दिसेनासं झालं. तरी त्या द्रवात रोग देण्याची ताकद उरलीच. आणि लागण व्हायला लागतं किती? रोगी गायीच्या मेंदूचा एक मिलिग्रॅमसुद्धा वासराला पुरल्याचं दिसलं आहे. शंभरातलं नव्वद पचलं यात समाधान मानायची सोय नाही.

ब्रिटनमध्ये हा रोग १९८६ साली ओळखला गेला. कापलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी खुराकातून गुरांच्या पोटात जात होती, आणि तिच्यातूनच रोग पसरत होता. रवंथ करणाऱ्यांचं प्रथिन रवंथ करणाऱ्यांना घालण्यावर १९८८ मध्ये बंदी आली. त्या भुकटीची मातबरी काय होती? तिच्यातलं बरंच प्रथिन कोठीपोटात न मोडता पुढे जातं. आपल्याकडे पशुखाद्याच्या पोत्यावर ‘बायपास प्रोटीन’ छापतात, त्यातला ‘बायपास’ तोच (आपल्याकडे ते बहुधा प्रक्रिया केलेल्या पेंडीतून येतं, तेव्हा घाबरू नका).

आता माझा आवडता शब्द. पचणं आणि जिरणं यांत मराठी फरक करते. पावसाचं पाणी जमिनीत जिरतं, तेल डोक्यात जिरतं. मोडत नाही, आत उतरतं. प्रायॉन नेमकं हेच करतं. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला लसिकापेशींचे पुंजके असतात, तिथून ते अखंड आत शिरतं, मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे जातं, आणि गाय आजारी दिसेपर्यंत चार-पाच वर्षं निघून जातात.

विचित्र भाग असा की ‘जिरणं’ आणि ‘जीर्ण’ एकाच धातूचे, आणि ‘जीर्ण’ म्हणजे पचलेलं. ‘अजीर्ण’ त्यातूनच आलं. जेवल्यावर पोटावर हात फिरवत ‘वातापी जीर्णो भव’ म्हणतात ना? तो वातापी बोकड नाहीतर मेंढा होऊन ताटात यायचा, खाल्ला जायचा, आणि भावाने हाक मारली की पोट फाडून सगळाच्या सगळा बाहेर. अगस्तींनी तेवढा त्याला पचवला. गायीच्या चारही पोटांना ते जमत नाही.

तर वाक्य असं करा : ‘गुरांच्या पचनमार्गात प्रायॉन पूर्ण नष्ट होत नाही.’ ‘रवंथ’ हवाच असेल तर जनावरांच्या वर्णनात ठेवा, ‘रवंथ करणारी जनावरं’. ‘रवंथी प्राणी’ही चालतं, पण मला ते पाठ्यपुस्तकी वाटतं.