बाप, थाप आणि डेथ स्टार

प्रश्न : नंतरचे भाग आले की मूळ ‘स्टार वॉर्स’ बदलतो का हो?

उत्तर : बदलतो! १९७७च्या चित्रपटात म्हातारा गुरू ओबी-वान नायक ल्यूकला सांगतो, तुझ्या वडिलांना खलनायक व्हेडरनं मारलं. १९८०मध्ये व्हेडरच बाप निघाला आणि म्हाताऱ्याचं बोलणं थाप ठरलं. आता त्या प्रसंगात मी फक्त ओबी-वान झालेल्या अ‍ॅलेक गिनेसचा चेहरा न्याहाळतो. तो बोलण्याआधी किंचित अडखळतो, किंवा मलाच तसं वाटतं. डेथ स्टार या ग्रह उडवणाऱ्या अवकाशतळातला खुळचट कच्चा दुवा २०१६च्या ‘रोग वन’नं मुद्दाम ठेवलेला ठरवला, पटलं. पण २००४च्या डीव्हीडीत ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या शेवटी व्हेडरचा आत्मा झालेल्या सेबॅस्टियन शॉला काढून प्रीक्वेलमधला, म्हणजे आधीची कथा सांगणाऱ्या नंतरच्या चित्रपटांतला, तरुण हेडन क्रिस्टेन्सन चिकटवला, ती नसती उठाठेव. आधी प्रीक्वेल पाहिलेली माझी मुलगी मात्र विचारते, “शॉ कोण?”