शिष्यवृत्ती राहू द्या, आधी तो डबा उघडा

तुमचं पत्र थोडक्यात असं: दादा अपघातात गेला, त्याला आठ महिने झाले. 'यातून काहीतरी चांगलं उभं कर' असं सगळे सांगतात, म्हणून त्याच्या नावाने शिष्यवृत्ती काढायचं ठरवलंत; पण कागद समोर घेतले की हात चालत नाही. 'मी कमी पडतेय का?'

नाही. तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात केलीत, एवढंच. अपघाताला कारण असतं, अर्थ असेलच असं नाही. अर्थ शोधायचा तो दादाच्या जगण्यात. (शोधावासाच वाटला नाही तरी बिघडत नाही; त्यामागे न लागताही पुष्कळ माणसं सावरतात. जास्त हाल होतात ते शोधत राहूनही हाती काही न लागणाऱ्यांचे.)

सलग चार दिवस रोज 15 ते 20 मिनिटं लिहा. शुद्धलेखन बघू नका, कुणाला दाखवू नका. विषय एकच: दादाकडून आलेलं माझ्यात काय आहे? लिहिल्यावर थोडा वेळ जड वाटतं, म्हणून झोपेच्या तोंडावर नको. 'मी फोन उचलला असता तर' हे तिसऱ्यांदा कागदावर आलं, की पेन खाली ठेवा. तो चरक आहे, त्यात तुम्हीच पिळून निघाल.

मग कृती, पण अर्ध्या तासात संपणारी. घरातलं बिघडलेलं काहीही दादा दुरुस्त करायचा, त्याच्या स्क्रू ड्रायव्हरचा डबा अजून तसाच आहे, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. पत्रातली सगळ्यात जिवंत ओळ तीच. तो डबा काढा आणि कपाटाची एखादी सैल मूठ घट्ट करा. शिष्यवृत्ती म्हटली की पैसे, समिती, लोकांच्या अपेक्षा आल्या; ती मध्येच अडली तर दादा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटेल.

काही दिवस डबा नकोसा होईल, बिलं भरणं नि सिनेमा बघणंच बरं वाटेल. वाटू द्या. शोकाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये हेच मांडलं: दुःखाकडे जाणं आणि त्यापासून लांब होणं, या हेलकाव्यांतूनच माणूस सावरतो.

मात्र हेलकावा थांबून एकाच टोकाला अडकला असाल, म्हणजे रोज दिवसभर त्याचीच ओढ, कामं ठप्प, जगण्यात राम नाही, तर सहा महिने उलटून गेलेत, समुपदेशकाकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर आजच, कुणाला तरी सोबत घेऊन.

शिष्यवृत्तीचं कुठवर आलं, असं कुणी विचारलंच, तर 'वर्षभराने बघू' एवढं उत्तर पुरे.