अ‍ॅलेक गिनेस हे ब्रिटिश नट म्हणजे फक्त ‘स्टार वॉर्स’मधला ओबी-वान का? त्यांचं खरं मोठं काम कोणतं?

ओबी-वानमुळे (१९७७) ते जगभर घराघरांत पोहोचले, म्हणून ती ओळख चिकटली. पण तोवर चाळीसहून जास्त वर्षांची कारकीर्द झाली होती, १९५९ मध्ये ‘सर’ हा किताबही मिळाला होता. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम म्हणजे ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मधला (१९५७) कर्नल निकल्सन. ऑस्करही त्यालाच मिळालं.

जपान्यांच्या युद्धकैदी छावणीत अधिकाऱ्यांनी मजुरी करायची नाही, या हट्टापायी निकल्सनला पत्र्याच्या तापलेल्या खोपटात डांबतात. बाहेर काढल्यावर तो कमांडंटच्या झोपडीपर्यंत चालत जातो, तेवढंच नीट बघा. पाय वेडेवाकडे पडतात, गुडघे साथ देत नाहीत, पण माणूस ताठ राहायची पराकाष्ठा करतोय. संवाद एकही नाही. पोलिओतून उठलेला त्यांचा मुलगा जसा चालायचा, त्यावरून गिनेस यांनी ही चाल घेतली होती. हे कळल्यावर तो प्रसंग मला पुन्हा बघवेना, आणि तरी बघितलाच.

देहबोलीतून माणूस उभा करणं हीच त्यांची ताकद. ‘काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स’मध्ये (१९४९) एकाच खानदानातले आठ जण त्यांनी केले, त्यांत एक बाईसुद्धा.

रंगभूषेवर भिस्त ठेवली तिथे मात्र ते फसले, असं मला वाटतं. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या (१९४८) फेगिन या ज्यू पात्राचं ते भलंमोठं नाक ज्यूंची विटंबना वाटलं, आणि अमेरिकेत चित्रपट १९५१ पर्यंत अडकून पडला. ‘अ पॅसेज टू इंडिया’तले (१९८४) प्रोफेसर गोडबोले तर मराठी माणसाला लगेच खटकतात. फॉर्स्टरच्या कादंबरीतले नारायण गोडबोले दख्खनी ब्राह्मण; इथे चेहरा सावळा केलेला इंग्रज नट दिसत राहतो. त्याच चित्रपटात रोशन सेठ आणि सईद जाफरी असताना ही निवड मला आजही पटत नाही.

आणि बीबीसीची ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७९) चुकवू नका. सात भागांची मालिका, संथ आहे. त्यात गिनेस यांनी केलेला गुप्तहेर स्मायली समोरच्याला बोलू देतो, स्वतः गप्प बसतो, चष्म्याआडून बघत राहतो, आणि समोरचाच अस्वस्थ होऊन सगळं सांगून टाकतो. निकल्सननंतर लगेच हा बघा. दोघे एकाच नटाने केलेत हे पटायला वेळ लागेल.