टॉवेलच्या ऑर्डरी आणि इंग्रजी वाक्प्रचार

सोलापुरातून परदेशी टॉवेलच्या ऑर्डरींचे ईमेल सांभाळणार असशील तर आधी ‘टेबल’ नीट समजून घे. ‘लेट्स टेबल द प्राइस’ असं इंग्लंडचा ग्राहक लिहितो तेव्हा त्याला भाव चर्चेला घ्यायचा असतो. अमेरिकन लिहितो तेव्हा विषय तूर्त बाजूला ठेवायचा असतो. अर्थ अगदी उलटा! म्हणून ग्राहक कुठला ते बघ, शंका आली तर सरळ विचार.

‘द बॉल इज इन युवर कोर्ट’ म्हणजे पुढचं पाऊल आता तुझं, उत्तराची वाट बघत बसू नकोस. यातल्या ‘कोर्ट’च्या जागी ‘ग्राउंड’ घातलंस की वाक्प्रचार मोडला, कारण हे शब्द ठरलेले असतात. ‘अंडर द वेदर’ म्हणजे अंगात थोडी कसर. ऑपरेशन झालेल्या माणसाबद्दल ते वापरू नकोस.