आजीच्या डब्यात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे, चांदीचे रुपये सापडलेत. खरे आहेत का ते कसं ओळखायचं आणि सराफाला विकून टाकू का?

आधी एक सांगतो, घासू नका. चिंच नको, रांगोळी नको, टूथपेस्ट तर अजिबातच नको. कॉलेजात असताना मी एक १८६२ चा रुपया टूथपेस्टने चकाचक केला होता, राणीच्या मुकुटाची नक्षीच पुसट झाली आणि नाणीवाल्याने तो नीट बघितलाही नाही, सरळ काट्यावर ठेवला.

आता वजन. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोब्बर जुना एक तोळा, आपली म्हातारी माणसं रुपयाभार म्हणायची ते हेच. चांदी जवळपास ९१.७ टक्के. झिजलेला असेल तर थोडा कमी भरेल, पण १० च्या आत गेला तर शंका घ्या. आणि हो, हल्ली सराफ तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, तेव्हा "एक नाणं एक तोळा" असा हिशोब कोणी केला तर वरचे दीड ग्रॅम गेलेच समजा.

मग साल बघा. १८६२ चं असेल तर मजा आहे, कारण १८७४ पर्यंत रुपयावर १८६२ च छापत राहिले, साल बदललंच नाही. मुंबई टांकसाळीच्या नाण्यांवर सालाच्या आसपास बारीक टिंबं असतात, त्यावरून खरं वर्ष काढतात, म्हणून भिंग घेऊन टिंबं मोजा, टिंबांच्या काही जोड्या साध्या असतात आणि काहींसाठी नाणी जमवणारे लोक अक्षरशः भांडतात. १८७७ पासून "क्वीन" जाऊन "एम्प्रेस" आलं. डब्यात पंचम जॉर्जचा १९११ चा निघाला तर तो वेगळा ठेवा, त्याच्या पोशाखावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, ओरड झाली, नाणी मागे घेतली आणि १९१२ ला हत्ती सुधारून काढला.

सहाव्या जॉर्जचे १९४० पासूनचे मात्र निम्म्याच चांदीचे, महायुद्धात चांदीची चणचण झाली म्हणून. १९४७ चा वाघवाला तर चक्क निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. अस्सल राणीछाप कधीच चिकटणार नाही, फरशीवर टाकला तर खणखणीत वाजतो, पण चांगल्या नाण्यावर हा प्रयोग नको, कडेला मार बसतो.

रामदरबार छापलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं नाणं निघालं तर ते नाणंच नाही, देवळाबाहेर विकायचे टोकन आहे. त्याचे लाखो मिळतात वगैरे व्हिडिओ बघून फी भरू नका कोणाला.

विकायचं म्हणाल तर साधे झिजलेले चांदीच्या भावाने द्या हवं तर, पण १८६२ वाले टिंबं मोजल्याशिवाय सराफाच्या हातात देऊ नका, तो वितळवेल. दोन्ही बाजूंचे फोटो टाका इथे, बघून सांगतो.