पांढरा रंग देऊनही खोली मळकट का दिसते?

तुमची अडचण थोडक्यात अशी: अभ्यासाच्या खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेकडे. उजेड वाढावा म्हणून तुम्ही किंचित राखाडी झाकेचा पांढरा दिलात आणि आता भिंती ओल्या सिमेंटसारख्या दिसतायत. यावर आणखी शुभ्र पांढरा द्यावा का, आणि पश्चिमेकडच्या हॉललाही तोच चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्हीचं उत्तर माझ्या मते नाही. पांढरा रंग उजेड निर्माण करत नाही, मिळेल तेवढा उजेड परत टाकतो. खोलीत उजेडच कमी आणि निळसर येत असेल, तर पांढरी भिंत तेच जसंच्या तसं दाखवते, आणि कमी उजेडातला पांढरा आपल्या डोळ्यांना राखाडी दिसतो. तुमच्या रंगात मुळातच राखाडी झाक असल्यामुळे त्यात भर पडली. रंगाऱ्याचं काम चांगलं झालं असेल, पुट्टीही नीट लागली असेल. चूक रंगाच्या निवडीत आहे.

उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही. (दक्षिण गोलार्धात नेमकं उलट, तिथे हे वर्णन दक्षिणेच्या खिडकीला लागू पडतं.) येतो तो आकाशाचा उजेड, म्हणून निळसर. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात आणि आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. दुपारचं ऊन साधारण ५,५०० केल्विन, मावळतीचं २,००० ते ३,०००, आणि निरभ्र आकाशाचा नुसता उजेड १०,००० च्याही वर जाऊ शकतो. मात्र या उजेडाचा एक मोठा गुण आहे: तो दिवसभर फारसा बदलत नाही. चित्रकार आपल्या कामाच्या खोलीला उत्तरेची खिडकी मागतात ते याचसाठी. तेव्हा तुमच्या खोलीला वाईट समजू नका, फक्त तिला उबदार झाकेचा रंग हवा आहे.

ही झाक ओळखायला मी स्वतः एका चुकीनंतर शिकलो. दुकानातल्या ट्यूबखाली एक फिका पारवा रंग मला फार आवडला होता. घरी दोन हात मारून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर खोली जांभळट. शेडकार्ड काढलं, त्या चौकटीशेजारी साधा कोरा कागद धरला, आणि जांभळी झाक लख्ख दिसली. ती कार्डावरही होतीच, पण शेजारी खरा पांढरा नसल्याने डोळ्यांनी तिला राखाडी मानून घेतलं होतं. तेव्हापासून कोरा कागद धरल्याशिवाय मी कुठलाही ऑफ-व्हाइट किंवा राखाडी पसंत करत नाही. तुम्हीही आजच तुमच्या भिंतीवर कागद टेकवून बघा, झाक निळी आहे, हिरवी की जांभळी, ते लगेच कळेल.

शेजारचा रंग डोळ्यांना किती फसवतो याचा एक जुना दाखला आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात गालिचे आणि भित्तिपट विणले जायचे. तिथल्या काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. रंगाई विभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी तपासलं तर रंग अगदी पक्का होता. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणल्यामुळे तो काळा फिका भासत होता. त्यावरचा त्यांचा सिद्धांत १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण नेमकं तेच करतो: जुन्या पिवळ्या भिंतीवर नव्या रंगाचं वीतभर ठिगळ लावतो आणि त्यावरून निर्णय घेतो. त्या ठिगळाचा रंग आपल्याला खरा दिसतच नाही.

त्यापेक्षा दोन-अडीच फुटांचे पुठ्ठे घ्या. त्यांवर रंगाचे दोन हात मारा, कडेला चारी बाजूंनी दोन बोटं पांढरी पट्टी सोडा आणि पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन वाळल्यावर सहसा थोडं गडद होतं. मग पुठ्ठा भिंतीभिंतीवर फिरवा. आधी खिडकीसमोरच्या भिंतीवर, मग खिडकीच्याच भिंतीवर. ही दुसरी जागा बहुतेक जण विसरतात. खिडकी असलेली भिंत खोलीत सगळ्यात अंधारी असते, कारण तिच्यावर समोरून उजेड पडत नाही आणि शेजारी काचेचा झगझगाट असतो. तिथे जो रंग मरत नाही, तो बाकी तिन्ही भिंतींवर शोभतो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दिवा लावून बघा, एखादा ढगाळ दिवस मिळाला तर तोही धरा. पुठ्ठा उभाच ठेवा. टेबलावर आडवा ठेवलेला पुठ्ठा जास्त उजळ दिसतो.

बऱ्याच कंपन्या शेडकार्डावर एलआरव्ही नावाचा आकडा देतात. भिंत किती उजेड परत टाकते याचं ते माप, ० म्हणजे पूर्ण काळा आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा. तुमच्या खोलीसाठी मी ६५ ते ७५ च्या दरम्यानचा मोतिया, हस्तिदंती किंवा फिका बदामी बघेन, ज्यात पिवळी किंवा अगदी किंचित गुलाबी झाक आहे. कार्डावर आवडेल त्याहून एक पायरी फिका घ्या. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग टाकतात, त्यामुळे चारही भिंती रंगल्या की पिवळा कार्डापेक्षा जास्त पिवळा होतो. खिडकीबाहेर दाट झाड असेल तर त्याची हिरवी छाया भिंतीवर येते, तेव्हा पिवळ्यापेक्षा गुलाबी झाक बरी.

खोली मुख्यतः रात्रीच वापरत असाल, तर मात्र वेगळा विचार करा. उजेडासाठी झटण्यापेक्षा सरळ गडद मोरपंखी किंवा विटकरी द्या आणि दिवे नीट निवडा. अंधाऱ्या खोलीत गडद रंग भारदस्त दिसतो, फिका रंग मात्र उदास. अशा वेळी रंगाआधी बल्ब ठरवा: २,७०० ते ३,००० केल्विनचा पिवळसर की ६,५०० चा पांढरा, यावर भिंतीचा रंग पार बदलतो.

आता पश्चिमेचा हॉल. तिथे सकाळी उजेड मवाळ आणि काहीसा निळसर असतो, दुपारनंतर तिरपं पिवळं ऊन आत घुसतं आणि मावळतीला ते नारिंगी होतं. अभ्यासाच्या खोलीत शोभणारा मोतिया इथे संध्याकाळी नारिंगी दिसेल. तुम्ही हॉलमध्ये संध्याकाळीच बसता असं लिहिलंय, म्हणून फिका शेवाळी किंवा अगदी हलकी हिरवट झाक असलेला राखाडी बघा. नारिंगी उन्हात तो निवतो आणि सकाळीही मेलेला वाटत नाही. इथे चकचकीत फिनिश टाळा. तिरपं ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा पुट्टीची प्रत्येक लाट आणि पट्टीचा प्रत्येक ओरखडा उठून दिसतो, मॅटमध्ये तो बराच लपतो. खिडकीला लागून असलेली बाजूची भिंत घासून झाली की संध्याकाळी पाचच्या उन्हात एकदा तपासा आणि उंचवटे पेन्सिलने खुणावून घ्या, म्हणजे प्रायमर लावण्याआधीच ते पुन्हा घासून घेता येतील.