आय-९४ वर आई-बाबांची निघाल्याची नोंदच नाही, आता काय करायचं?

प्रश्न: आई-बाबा न्यू जर्सीत भावाकडे पाच महिने राहून जळगावला परतले. आय-९४ च्या (अमेरिकेत आल्या-गेल्याची आणि राहायच्या मुदतीची सरकारी नोंद) साईटवर त्यांचं येणं दिसतं, जाणं दिसत नाही. पासपोर्टवर अमेरिका सोडल्याचा शिक्काही नाही. पुढच्या वेळी अडवतील का?

उत्तर:

शिक्का शोधू नका, तो नसतोच. विमानाने अमेरिका सोडताना आपल्याकडच्यासारखं इमिग्रेशनचं काउंटर लागत नाही. पूर्वी पासपोर्टात टाचलेलं आय-९४ चं पांढरं कार्ड विमान कंपनी चेक-इनला काढून घ्यायची. विमानाने येणाऱ्यांसाठी ते २०१३ मध्ये बंद झालं. आता कंपनी प्रवाशांची यादी सीबीपीला (अमेरिकेचं सीमा आणि कस्टम्स खातं) पाठवते, आणि त्यातलं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर आधीच्या येण्याशी जुळला की नोंद पडते.

म्हणून पहिला संशय पासपोर्ट नंबरावर घ्या. तिथे असताना वकिलातीतून पासपोर्ट नवा केला असेल, तर माणूस आला एका नंबरावर आणि निघाला दुसऱ्यावर. किंवा व्हिसा जुन्या पासपोर्टात असतो, दोन्ही एकत्र टाचलेले, आणि वेब चेक-इन करताना मुलगा घाईत भलताच नंबर टाकून मोकळा होतो. दुसरा संशय नावावर. पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा असेल तर अमेरिकन व्हिसावर नावाच्या जागी 'एफएनयू' (म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन') छापतात, तिकिटावर मात्र वेगळंच असतं. तेव्हा साईटवर जुना नंबर टाकून पाहा, नाव-आडनाव उलटं करून पाहा. बऱ्याचदा हरवलेली नोंद तिथेच निघते.

नाहीच निघाली तरी विमानाने परतलेल्यांनी कुठे अर्ज करायची गरज नाही, असं सीबीपीच सांगते. कंपनीच्या नोंदीवरून त्यांना खात्री करता येते. पण पुरावा आपल्याजवळ हवा. आणि इथेच मला आपल्याकडच्या एजंटांचा राग येतो. "घरी पोचले ना, आता पास काय करता?" असं सांगून लोकांना बोर्डिंग पास फेकायला लावतात. अरे भो, अमेरिका सोडल्याचा तो एकमेव छापील कागद! तोही थर्मल कागद. प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून जळगावच्या मे महिन्यात कपाटात ठेवला तर अक्षरं उडतात. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, फोटो घ्या. पास गेला असेल तर मुंबईला उतरल्याचा आपल्या इमिग्रेशनचा शिक्का उपयोगी पडतो. तो उमटलाय का, पुसट आहे का, हे काउंटरवरूनच बघून निघायचं. शिवाय परतल्यानंतरच्या बँक पासबुकातल्या नोंदी, ई-तिकीट. हे सगळं मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीला न्या, आणि पुन्हा जाताना हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही. डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्मवर आधीच्या मुक्कामाच्या तारखा पासपोर्ट पाहून भरा, आठवणीने नको.

आता दुसरं, जे तुम्ही विचारलं नाही, पण प्रत्येक लग्नात ज्यावरून माझं कुणाशी तरी वाजतं. "व्हिसा दहा वर्षांचा आहे, सहा महिन्यांची काय घाई?" व्हिसाची तारीख ही दारापर्यंत जायची मुदत. राहायची मुदत आय-९४ वरची. ती एका दिवसाने उलटली तरी त्या व्हिसाची किंमत शून्य. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून निघालात तर ३ वर्षं बंदी, वर्षभर किंवा जास्त राहिलात तर १० वर्षं. नातवाचं बारसं सांगून सूट मिळत नाही. (मुदत संपण्याआधी आय-५३९, म्हणजे मुदतवाढीचा अर्ज, भरला असेल तर गोष्ट वेगळी, पण त्याची पावती जपा.)

आणि हो, वर म्हटलं ते विमानाने निघालेल्यांसाठी. नायगारावरून रस्त्याने कॅनडात जाऊन टोरांटोहून मुंबईचं विमान धरलं असेल, तर अमेरिकेतून निघतानाचा बोर्डिंग पासच नसतो. तिथे कॅनडात शिरल्याचा शिक्का आणि टोरांटोचा पास, दोन्ही लागतील. मेक्सिकोमार्गे गेले असतील तर हीच काळजी दुप्पट घ्या.